उजवीकडचं दार

प्रार्थनेच्या खोलीचं नवं दार उघडून अर्धा तास झाला होता आणि त्यातून आतापर्यंत फक्त एक शेळी आत आली होती.

ती आली, तिनं पाळक अमृतकडे एकदा नीट पाहिलं, तोरणातलं झेंडूचं फूल ओढलं आणि चघळत उभी राहिली. स्वागताची जबाबदारी बन्सीधरकाकांकडे होती. त्यांच्या एका हातात पेढ्यांचं ताट होतं, येणाऱ्या नव्या माणसांसाठी. दुसऱ्या हातात काठी होती, शेळ्यांसाठी. सकाळपासून काम होतं ते काठीलाच.

पुढे खुर्चीवर परभणीचे मोठे पाळक तात्याराव बसले होते. बाकी मंडळी सतरंजीवर. तीच ती, तीन घरांची. तात्याराव मुद्दाम पाहायला आले होते. पिंगळीत नवं कोणी येत नसेल तर इथली उपासना बंद करायची आणि सगळ्यांनी दर रविवारी परभणीला यायचं, असं वर ठरत आलं होतं. निदान एक नवा माणूस दिसू दे, मग वर्षभर थांबू, एवढी सवलत तात्यारावांनी मिळवली होती. अमृतचा या पत्र्याच्या खोलीवर फार जीव. त्या एका माणसाच्या काळजीनं त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

दाराची कल्पना त्याचीच. शुभवर्तमानातला तो चमत्कार वाचताना ती त्याला सुचली होती. शिष्य रात्रभर जाळं टाकतात, हाती काही लागत नाही, आणि किनाऱ्यावरून येशू सांगतो, होडीच्या उजव्या बाजूला टाका. अमृतनं मांडीवर थाप मारली. आपलं इतकी वर्षं हेच चुकत होतं. दार स्टेशनच्या रस्त्याकडे, पत्रकं स्टेशनवर, गाणी म्हणायची तीही रस्त्याकडे तोंड करून. आणि रस्त्यावरच्या माणसाला तर गाडी गाठायची असते.

मंडळीला हे पटलं. मग उजवी म्हणजे पाळकाची उजवी की समोर बसणाऱ्यांची, यावर एक अख्खी संध्याकाळ वाद झाला. समोर बसणाऱ्यांच्या उजवीकडे शेजाऱ्यांची न्हाणी निघाली, तेव्हा पाळकाची उजवी एकमतानं मंजूर झाली. त्या भिंतीमागे मोकळी जागा होती आणि पलीकडे शेळ्यामेंढ्यावाल्यांची वस्ती.

खरं तर ती बाजू अमृतला कधीच आवडली नव्हती. वस्तीतल्या बाया शेळ्या घेऊन भिंतीच्या सावलीला बसायच्या, आणि इकडे उपासना सुरू झाली की तिकडे शेळ्यांना कंठ फुटायचा. त्यांच्या वरचढ आवाजात उपदेश करायची त्याला सवयच लागली होती. खोलीत माणसं मूठभर आणि आवाज असा, की त्याची बायको दर रविवारी खुणेनं त्याला हळू बोलायला सांगायची.

मागच्या रविवारी त्यानं याच चमत्कारावर उपदेश केला. बन्सीधरकाकांना तेवढाही धीर नव्हता. उपदेश अर्ध्यावर असतानाच ते गवंड्याला घेऊन मागे गेले, भिंतीवर दाराची खूण करायला तिथल्या बाया-शेळ्यांना उठवलं आणि खडूनं रेघा मारल्या. उरलेला उपदेश इतका शांततेत झाला की अमृतला ते शुभलक्षण वाटलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत भिंत फुटली आणि चौकट बसली. अमृत स्वतः वस्तीवर गेला आणि तिथल्या पुरुषमंडळींना हात जोडून आमंत्रण देऊन आला. त्यांनी मान डोलावली, आग्रहानं चहा पाजला, आणि आज सगळे मिळून पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघून गेले.

तात्यारावांनी घड्याळ पाहिलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढून हळूच म्हणाले, "अमृत, दार चांगलं झालंय. हवा येते. पण आता पुढच्या महिन्यापासून परभणीलाच या सगळे."

अमृतनं मान हलवली. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. शेळीनं दुसरं फूल ओढलं.

तेवढ्यात दारात म्हाळसाबाई येऊन उभी राहिली. वस्तीतली म्हातारी, त्या शेळीची मालकीण. हातात बाभळीची डहाळी.

"आवं बाई, ही शेळी घ्या आन् तिकडं बाभळीखाली बसा," बन्सीधरकाका काठी आडवी धरून म्हणाले. "हितं पाहुणे येणार हायेत."

"मागल्या आइतवारी बी तुमीच उठिवलं," म्हाळसाबाई म्हणाली.

तिनं शेळीकडे पाहिलंसुद्धा नाही. चपला बाहेर काढल्या, पदर सारखा केला, काठीखालून वाकून आत आली आणि सरळ अमृतपुढे जाऊन उभी राहिली. दारापलीकडे, बाभळीखाली, वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया माना उंच करून आत पाहत होत्या.

"पाळकसायब, तुमीच सांगा आता. आठ दिस झालं, ह्या बाया इचारून इचारून माजा जीव खायल्यात," ती म्हणाली. "त्या भोयांनी उजवीकडं जाळं टाकलं, तितं आमाला उठिवलं. पुढं त्यांला मासे घावले का न्हाई?"