डुगडुगती फरशी

"केवळा! भाईर पळ!"

खाटेवरून हणमंतराव ओरडले आणि अमरेशच्या हातातला चहा हिंदकळला. बाहेर रस्त्यावर रोलर थरथरत पुढं सरकत होता. केवळाबाई स्वयंपाकघरातून धावत आली आणि नवऱ्याचा हात घट्ट धरून बसली.

"हितंच हाय मी. हितंच हाय."

रोलर लांब गेला तसे म्हातारबा शांत झाले. ती मात्र पदरानं डोळे पुसत राहिली.

रस्त्याच्या कामाचे हादरे घरांना किती बसतात, ते मोजायला अमरेश लातूरहून औशाला आला होता. तक्रार गल्लीची होती. यंत्र या घरात लावलं, कारण रस्त्याला सगळ्यात जवळ हेच. आकडा दोनच्या वर जात नव्हता. मर्यादा पाचची, म्हणजे रोलर बिनघोर चालवा.

"रोज असेच ओरडतात?" त्यानं विचारलं.

"रोलर आल्यापासनं. दिसातनं धा येळा. साहेब, आणखी किती दिस चालंल हे?"

"आठ दिवस तरी."

तिचं तोंडच उतरलं. ती खाटेची कड चाचपत बसली.

"ते दिस तुमच्या हातात असतेत का ओ?"

अमरेशला पुढं काही विचारायची गरज वाटली नाही. त्र्याण्णवच्या भूकंपावेळी तो जन्मलाही नव्हता. पण त्याची आत्या अजून साधा ट्रक गेला तरी अंगणात पळते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथं तर सगळा मुलूखच पोळलेला. त्याला म्हाताऱ्याची फार कणव आली. आठ दिवस हे काळीज टिकायचं नाही, असं त्याला वाटलं.

यंत्र घराच्या पायाच्या पक्क्या दगडावर ठेवायचं, असा नियम. त्यानं ते उचललं आणि खोलीच्या मधोमध एका डुगडुगत्या शहाबादी फरशीवर ठेवलं. रोलर परत आला. आकडा सातावर गेला. नोकरीत पहिल्यांदाच त्यानं खोटा अहवाल लिहिला, आणि त्याचं त्याला मुळीच वाईट वाटलं नाही.

ठेकेदारानं शिव्या घालत रोलरचं कंपन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी फेरतपासणीला जाताना अमरेशनं डझनभर केळी घेतली. रोलर दारावरून मुकाट्यानं गेला. हणमंतराव आढ्याकडे बघत पडले होते. केवळाबाई त्यांच्या तोंडाशी कान लावून बसली होती.

"आता निवांत झोपतील," अमरेश म्हणाला. "कंपन मीच बंद करायला लावलं."

तिनं मान वर केली. डोळे रडून सुजले होते.

"असं का केलं ओ साहेब? लकवा झाल्यापासनं दोन वर्सं ह्यांची वाचा गेलीया. जमीन हालली की तेवढं माझं नाव घेत होते."