अंदमानचं सारवण

अंदमानला जाऊन चार पर्यटकांसारखं फसायचं नाही, असं मोनिकानं निघण्याआधीच ठरवलं होतं. म्हणून स्कूबा, काचेच्या तळाची बोट, सगळं बाद झालं. त्याऐवजी तिनं पैसे भरून 'अस्सल ग्रामजीवन' बुक केलं.

संध्याकाळी गावाकडं, कोल्हारच्या घरी फोटो आला. शेणाच्या वासानं इथल्या गोठ्याकडं कधी न फिरकलेली मोनिका तिथल्या एका म्हातारीचं अंगण हसत हसत सारवत होती. म्हातारी खाटेवर पाय पसरून बसली होती. खाली मोनिकानं लिहिलं होतं, 'मनाला किती शांत वाटतं!'

सासूबाई कडूबाईंचे हात शेणानं भरलेले, म्हणून फोन सासऱ्यांनीच त्यांच्यासमोर धरला. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.



"अवं, ह्या बाईची सून कुठं गेली आसंल फिरायला?"