डबा तोच, चिप दुसरी

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी बाभुळगावच्या शाळेतल्या नववीच्या अकरा मुलींचं शिक्षण शिष्यवृत्तीवर येऊन ठेपलं होतं. फॉर्म ऑनलाइन भरायचे होते, आणि नेमका शेवटच्या दिवशी शाळेच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरचा वायफाय अडॅप्टर बंद पडला. वर्गशिक्षिका सुमेधाबाई तडक तारिकच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या आणि अडॅप्टरचा जुना डबा दाखवून लिनक्ससाठी तसाच नवा मागितला.

"हा नेऊ नका, मॅडम."

"म्हणजे महागाचा गळ्यात मारणार! तुम्ही लोक सगळे सारखेच."

तारिकचा चेहरा दगडासारखा झाला. त्यानं मुकाट्यानं तोच डबा पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो त्याच्या काउंटरवर आदळला. "चाललाच नाही! माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं. डबा तोच हाय, पण कंपनीनं आतली चिप बदलली. नवी चिप लिनक्सवर चालत नाही. चालणारा होता माह्यापाशी. पण तुमी तसं तोंड सोडल्यावर मी काहून सांगू?"

"तुमच्या अकडीपायी माझ्या अकरा मुलींचे फॉर्म राहिले!"

"मले काय त्याचं?" तारिक गुरकावला. मग एकाएकी त्याचा आवाज उतरला. "कोणत्या वर्गाच्या?"

"नववीच्या."

"त्यात कशफ होती?"

"होती. वर्गात पहिली येते ती."

तारिक मटकन स्टुलावर बसला.

"भाची हाय माही. बहिणीले काय सांगू आता?"