स्वयंपाकघरातली वाट

निवेस रोजच्यासारखी सकाळी सातला उबाल्दोच्या स्वयंपाकघरात शिरली, हातात बादली घेऊन.

"अजून कॉफी नाही? जहागीरदार कुठला!"

"वाट तुझी, स्वयंपाकघर माझं. चालू लाग."

तिने टेबलावरची त्याच्या गोळ्यांची डबी हलवून पाहिली आणि मागच्या दाराने झऱ्याकडे गेली. परत आली तेव्हा बादली रिकामीच होती. नेहमीच असायची. खिजवायला, दुसरं काय!

तिच्या घरी नळ येऊन चाळीस वर्षं झाली होती. पण कागदावर विंकोलो होता: शेजारच्या घराला या घरातून झऱ्यापर्यंत वाट. डोंगरातल्या त्या गावात लोक हा शब्द हलक्या आवाजात उच्चारत. मालक मेला, घर विकलं, तरी न सुटणारं बंधन म्हणजे विंकोलो. भूकंपात घर पडलं, तेव्हा उबाल्दोच्या आजोबांनी आधी ती वाट आखली, मग भिंती उभ्या केल्या. ते आठवलं की उबाल्दोच्या अंगावर अजून काटा येई.

वीस वर्षं कोणी चाललं नाही तर असा हक्क बुडतो. म्हणून निवेसच्या घरचं कोणीतरी वर्षातून एकदा, संत मार्टिनच्या सणाला, बादली घेऊन जाऊन येई. उबाल्दोची बायको असुंता वारली आणि निवेस रोज यायला लागली. हा एकटा पडलाय, तोवर हक्क पक्का करून घेतेय, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं. त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. बर्फातसुद्धा तिचा खाडा नव्हता.

आता उबाल्दोचे गुडघे जिना चढू देत नव्हते. मागचं दार बुजवून तिथे पलंग टाकायचा, नाहीतर घर सोडून तोरीनोला मुलीकडे जायचं, एवढंच उरलं होतं. शेवटी तो टोपी हातात घेऊन नोटरीबाईंसमोर बसला.

"विंकोलोला हात लावता येत नाही, ठाऊक आहे मला. आपलं विचारून ठेवावं म्हटलं."

बाईंनी जुनं दप्तर चाळलं. मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, हे बंधन केव्हाच उतरलंय. निवेसबाईंनी स्वतः येऊन हक्क सोडला."

"केव्हा?"

बाईंनी पान त्याच्याकडे वळवलं. उबाल्दोने तारीख दोनदा वाचली. असुंताला पुरलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.