पिवळीतली मोकळी जागा

दुपारी सव्वातीन वाजता लाँड्रीतला मोठा ड्रायर पुन्हा फिरू लागला. मिस्त्रीने पाना पिशवीत टाकला, हात पुसले आणि खिशातून फोन काढला. धाकट्या भावाचा सकाळचा निरोप तसाच होता. 'दादा, शनिवारी साठ पूर्ण करतोय. ये. जुनं काहीतरी वाजवू. फक्त पिवळी नको.'

कित्येक वर्षांनी आलेला पहिला निरोप, आणि त्यातही पिवळी होतीच. मिस्त्रीने उत्तर लिहून ठेवलं होतं. 'जमणार नाही.' पाठवायचं तेवढं राहिलं होतं.

पिवळी म्हणजे त्यांच्या बँडची स्टुडिओत केलेली एकुलती एक सीडी. तेव्हा मिस्त्री गिटार वाजवायचा, धाकटा ड्रम. कार्यक्रमात हा बँड म्हणजे मोकाट सुटलेला बैल. एकेक गाणं पाऊण तास चालायचं. एक श्रोता गाणं सुरू असताना घरी जाऊन जेवून आला होता आणि आपलं काही हुकलं नाही म्हणून खूश होता. गाण्याच्या मधोमध मिस्त्री गिटार थांबवून हात वर करायचा. मग लोक टाळ्या पिटायचे, ओरडायचे, काहीबाही गायचे. त्यांची लय जिकडे जाईल तिकडे बँड जायचा.

स्टुडिओत गाणी चार-चार मिनिटांची झाली, पण सवय जाईना. प्रत्येक गाण्याच्या मधोमध गिटार थांबली. बेस आणि ड्रम तेवढे दबक्या पावलांनी चालत राहिले. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं, "या मोकळ्या जागेत काय भरायचंय?"

"लोक," मिस्त्री म्हणाला.

"इथे लोक नाहीत, दादा. भिंत आहे," धाकटा म्हणाला. "काप ती जागा."

मिस्त्रीने कापली नाही. थोरलेपणा आडवा आला. पिवळ्या वेष्टनातली सीडी बाजारात आली आणि सपशेल आपटली. चाहते म्हणाले, वाघ पिंजऱ्यात घातला. एका वर्तमानपत्राने लिहिलं, आता श्रोत्याऐवजी गाणंच मधे जेवून येतं. धाकटा म्हणाला, "सांगत होतो." दोघांचं तेच शेवटचं बोलणं. गिटार माळ्यावर गेली.

मिस्त्रीचं बोट फोनवर टेकणार, तोच शेजारच्या खोलीतून बेस ऐकू आला. दोन सुरांत त्याने ओळखलं. आपलं पोर गर्दीत रडलं तरी कळतं.

तो दारापाशी गेला. आत लांबलचक टेबल होतं, त्यावर दवाखान्याच्या धुतलेल्या चादरींचा डोंगर. दहा बायका जोडीजोडीने समोरासमोर उभ्या राहून घड्या घालत होत्या. फळीवर जुना सीडी प्लेअर. मिस्त्रीचे कान तापले. मोकळी जागा जवळ येत होती. मार चुकवता येत नसला की माणूस मान खाली घालतो, तशी त्याने घातली.

गिटार थांबली.

फट्ट! पाच चादरी एकदम झटकल्या गेल्या. पुन्हा फट्ट! टेबलाच्या टोकाची म्हातारी गायला लागली, "मिस्त्री आला, मिस्त्री आला!" बाकीच्या ओरडल्या, "ड्रायर म्हणतो, चहा झाला?" फट्ट! फट्ट! आणि शेवटच्या झटक्यावर गिटार परतली. इतकी वर्षं मिस्त्रीला ती उगाच परतल्यासारखी वाटायची. आज तिने उत्तर दिलं.

"दारात का थांबलात?" मुकादमबाई हसली. "घाबरलात होय?"

"ही सीडी कुठून आणली?"

"हॉटेलच्या चादरींत गुंडाळून आली होती. मागायला कोणी आलं नाही."

"येणार कोण!"

"नावं ठेवू नका हं, मिस्त्री. बाकीचे वाजवणारे नुसतं आपलंच घोडं दामटतात. यांनी आमच्यासाठी जागा ठेवलीय. कालचं आज नाही, आजचं उद्या नाही. रोज नवं गाणं."

"पण मधे... रिकामं नाही वाटत?"

"रिकामं? अहो, आम्ही दहाजणी मावत नाही त्यात!"

पुढचं गाणं सुरू झालं. मिस्त्रीने लिहिलेलं उत्तर पुसलं आणि भावाला फोन लावला.

"दादा?" पलीकडून आवाज आला. "येतोयस का?"

गिटार थांबायची वेळ झाली होती. जुन्या सवयीने त्याचा हात वर गेला. हातात फोन होता.

फट्ट! फट्ट! "मिस्त्री फोन कुणाला लावतो?" म्हातारीने विचारलं. "सासूबाईंना गाणी ऐकवतो!" खोली खदखदली. एकीच्या हातून चादर सुटली, तीही लयीतच पडली.

मिस्त्रीने फोन कानाला लावला.

"ही पिवळीच ना?" धाकट्याने विचारलं. "आणि मधे हे कोण आहेत?"

"लोक," मिस्त्री म्हणाला.

म्हातारी प्लेअरकडे गेली आणि तेच गाणं तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं. गिटार थांबली. चादरी झटकल्या गेल्या. आणि फोनमधून टकटक आली. लाकडावर बोटांची. हात धाकट्याचाच होता, पण ही लय पिवळीत कुठेच नव्हती. तो चादरींच्या मागे चालला होता.

पावणेचारला फोन चालूच होता. शनिवारचं अजून कोणी काही बोललं नव्हतं.