शेऱ्याची ओळ

ऑफिसचा जुना अवाढव्य कॉम्प्युटर, मेनफ्रेम, आठवड्याभरात बंद होणार होता. त्याला कामं सांगणारे जुने छोटे प्रोग्रॅम, म्हणजे जॉब, नव्या सिस्टिमवर न्यायचे होते, म्हणून नवी इंजिनिअर ते निवृत्तीला टेकलेल्या साहेबांकडून समजून घेत होती.

"सर, सगळे जॉब एकाच साच्यातले कसे?"

"कोरा जॉब कोण लिहीत बसतो? शेजारच्या टेबलावर एकजण बसायची. तिचा उचलला आणि नावं बदलत गेलो."

"आणि ही शेऱ्याची ओळ? ती सगळ्यांत आहे."

"शेरा मशीन वाचत नाही, मग मी कशाला वाचू?"

तिने वाचून दाखवली. "माझाच जॉब उचलशील, ठाऊक आहे. शुक्रवारी घरचे माझं लग्न ठरवताहेत. काही बोलायचं असेल तर त्याआधी बोल."

साहेबांनी चष्मा काढला. सव्वीस वर्षांत ती ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने चारशे वेळा उतरवली होती.