अध्यक्षांचं मत

सभेला अजून अवकाश होता, म्हणून प्राचार्या आर्डिथने व्हर्जिलला कॉलेजच्या कॅन्टीनमध्येच गाठलं आणि त्याच्यापुढे राजमा-खिम्याच्या तिखट चिलीचा वाडगा नि दालचिनीचा रोल ठेवला. कॅन्ससात अडून बसलेल्या माणसाशी बोलायचं तर आधी त्याला खाऊ घालावं लागतं.

व्हर्जिल उन्रू विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष. गव्हाचा शेतकरी, तोंडाचा फटकळ. आज ठराव होता तो कॉलेजच्या एल्क्रिक केंद्रातला खुणांच्या भाषेचा वर्ग बंद करण्याचा. तो झाला की तिथे शिकवणाऱ्या बहिऱ्या टोबीची नोकरी जाणार, आणि त्या भागात दुसरा शिकवणारा नाही. बाकीचे चार विश्वस्त दोन-दोन असे विभागलेले. बरोबरी झाली तर ठराव पडतो. पण अध्यक्ष शेवटी मत देतो, आणि व्हर्जिल काय म्हणणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"अर्धी माणसं नाताळाआधीच पळतात," तो रोल मोडत म्हणाला. "हीटर चालत नाही, खुर्च्या करकरतात. याला काय कॉलेज म्हणायचं?"

"मग हीटर दुरुस्त करू की. वर्ग कशाला मोडायचा?"

"वर्ग भरत नाही तर बंद. नियम म्हणजे नियम, पोरी."

नियमांचं त्याला वेडच. गेल्या वर्षी कॉलेजच्या बसचं कंत्राट विश्वस्त मार्सीच्या भाच्याला मिळायचं होतं, तर यानं मार्सीला, स्वतःच्या सख्ख्या चुलतबहिणीला, सभेतून उठवलं. ज्याचा लाभ त्याने मत द्यायचं नाही, आत बसायचंही नाही.

आर्डिथ त्याच्यावर चिडायची, पण म्हाताऱ्यावर तिचा जीवही होता. अलीकडे त्याची बोटं टेबलाखाली सारखी हलायची. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून ती त्याचा कॉफीचा कप अर्धाच भरायची.

सभा भरली. शेवटच्या रांगेत नेहमीसारखी त्याची बायको लॅव्हॉन येऊन बसली. कोणी हाक मारली तरी ओ देत नसे, म्हणून गाव तिला हल्ली शिष्ट म्हणायचं. पण व्हर्जिल तिला घेतल्याशिवाय कुठे जात नसे.

मतं झाली. मार्सी आणि आणखी एकजण वर्गाच्या बाजूने, दोघं विरुद्ध. सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. आर्डिथने मान खाली घातली. टोबीला आता कसं सांगायचं, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

व्हर्जिलने टोपी उचलली.

"मार्सी, माझ्या जागेवर येऊन बस. मला बाहेर जायला हवं."

"तुला कशाला?" मार्सी म्हणाली. "तुझा यात काय लाभ?"

व्हर्जिल उठला. दाराकडे निघाला, शेवटच्या रांगेशी थांबला, टोपी काखेत धरली, आणि झालेली सगळी हकिगत लॅव्हॉनला सावकाश, मध्येच एकदा चुकून, हातांनी सांगू लागला.